आधी वजन सांगा

पडेगावात आमच्या घराजवळच्या गिरणीत दळण मोजायचा काटा आहे. डिसेंबरातल्या एका संध्याकाळी ज्वारीचा डबा खाली ठेवला आणि मीच त्या काट्यावर चढलो. गिरणीवाल्याने आधी आकड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "अठ्ठ्याहत्तर," तो म्हणाला. "बारीक दळू का जाड?"

त्याला काय सांगणार? मला एक काईट घ्यायची होती. कमरेला अडकवून, पायाखाली फळी बांधून, जिच्या ओढीने माणसं समुद्रावरून पळतात ती. तिचं माप माणसाच्या वजनावर ठरतं. हे सगळं सांगत बसलो असतो तर मागे उभ्या असलेल्या बायकांनी आपले डबे पुढे सरकवले असते. मी शिकायला जातो तो समुद्र पडेगावाहून साडेसहाशे किलोमीटरवर आहे. आमच्याकडे नळाला पाणी आलं की अख्खी गल्ली उठून बसते. अशा गावात पाण्यावर पळायचा नाद सांगण्यापेक्षा वजन वाढलंय का बघत होतो म्हणून सांगणं बरं, आणि ते खोटंही नव्हतं.

वजनाच्या बाबतीत मी एकदा खोटं बोललो होतो. आदल्या फेब्रुवारीत गोव्याला मोरजीमच्या किनाऱ्यावर पहिल्यांदा शिकायला गेलो, तेव्हा शिकवणाऱ्या पोराने विचारलं, "वजन किती, काका?" मी बहात्तर सांगितलं. कुठून आलं कुणास ठाऊक, लग्नाच्या वेळचं असावं. त्याने हिशेब करून दहा मीटरची काईट हातात दिली. वारा बेताचाच होता. मी पाण्यात बसून राहिलो, काईट आभाळात डोलत राहिली, फळी पायाखाली बुडत राहिली. चार वेळा उठायचा प्रयत्न केला आणि चारही वेळा बादलीत बसल्यासारखा परत बसलो. पोरगं कमरेइतक्या पाण्यातून चालत आलं, माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणालं, "आता खरं सांगा."

हिशेब तसा सोपा असतो. किलोतल्या वजनाला वाऱ्याच्या नॉटमधल्या वेगाने भागायचं आणि सव्वादोनच्या आसपास गुणायचं, की काईटचं माप चौरस मीटरमध्ये येतं. एक नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर. अठ्ठ्याहत्तर किलोच्या माणसाला पंधरा नॉटच्या वाऱ्यात साडेअकरा, म्हणजे बाराची काईट लागते; वीस नॉटमध्ये नऊची पुरते. पण हा त्रैराशिकाचा हिशेब वरवरचा आहे. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो. दहा नॉटमध्ये जी काईट गाईसारखी मागे मागे येते, तीच वीस नॉटमध्ये माणसाला फरफटत नेते. नवखा माणूस मोठीच काईट घ्यायला बघतो आणि म्हणूनच शहाणा दुकानदार त्याला एक माप खाली आणतो. मोरजीमला उलटी गंमत आहे. तिथला वारा दुपारचा. ऊन चढलं की जमीन तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरून हवा आत येते. बारा-एकला झुळूक सुरू होते, तीन-चारला भरात येते, दिवस मावळताना गळून पडते. हा सभ्य वारा आहे, आणि सभ्य वाऱ्यात माझ्यासारख्या वजनदार माणसाला मोठं कापड लागतं. बारा. पहिली काईट बाराची, हे त्या पाण्यात बसल्या बसल्याच ठरलं.

म्हणजे ठरलं असं मला वाटलं. घरी आल्यावर दहा महिने मी फोनवर काईटी बघत होतो. उंच उड्या मारणाऱ्यांची वेगळी, लाटांवरची वेगळी, शर्यतीची वेगळी. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये हा खेळ पहिल्यांदा आला. शर्यती पॅरिसला नव्हेत, मार्सेच्या समुद्रात झाल्या. पुरुषांत ऑस्ट्रियाचा व्हॅलेंटिन बॉन्टस आणि बायकांत ब्रिटनची एली ऑल्ड्रिज जिंकली. त्या शर्यती मी वाळूजच्या कंपनीत जेवणाच्या सुट्टीत पाहिल्या, आणि मला काय हवंय याची यादी त्या दिवसानंतर एकदम बिघडली. पाण्याच्या वर तरंगत जाणारी ती पात्याची फळी, ते लांबोडकं कापड. अजून शंभर मीटर सरळ जाता येत नव्हतं आणि मला शर्यतीचा घोडा हवा होता.

तेव्हा आबा आठवले, माझे आजोबा. संक्रांतीच्या आधी ते मला सायकलवर बसवून छावणीतून जुन्या शहरात पतंग घ्यायला नेत. दुकानात भिंतभर पतंग. मला दरवर्षी सगळ्यात मोठा, शेपटीवाला, डोळे काढलेला हवा असे. आबा तो हातात घेत, उलटा-सुलटा बघत आणि एकच विचारत, "उडवायचाय का मिरवायचाय?" उत्तर द्यायची सोय नसे. मग ते साधा, मधल्या मापाचा पतंग निवडत. उजेडासमोर धरून ताव कुठे विरलाय का बघत. उभ्या कामटीवर नखाने टिचकी मारत. मग ती कामटी बोटावर आडवी तोलून पतंग कुठल्या बाजूला कलतो ते बघत. घरी आल्यावर पतंग डोक्यावरून मागे-पुढे घासत, केसांच्या तेलाने आणि उबेने कामटी मऊ पडून जराशी वाकावी म्हणून. त्यांच्या डोक्यावर त्या वेळी केस फारसे उरले नव्हते, तरी घासत.

पण खरी कारागिरी कन्नीत होती. वर दोन भोकं, खाली दोन भोकं, त्यांतून दोरा ओवून दोन गाठी. वरचा दोरा आणि खालचा दोरा जिथे भेटतात तिथून मांजा निघतो. आबा ओलं बोट वर धरून वारा बघत आणि मग खालचा दोरा वरच्यापेक्षा एक बोट लांब ठेवायचा का दोन, हे ठरवत. वारा फार असला की खालचा दोरा जास्त लांब. पतंगाचं डोकं पुढे झुकतं, तो वाऱ्यावर जरा आडवा पडतो आणि ओढ कमी होते. वारा पडला असला की फरक कमी. पतंग उभा राहतो आणि जो काही वारा आहे तो पोटात धरतो. एका बोटाच्या फरकावर दुपार रंगायची किंवा फुकट जायची. एकदा वर गेला की मात्र बदलायची सोय नाही. खाली उतरवा, गाठ सोडा, परत बांधा. तेवढ्यात शेजारच्या गच्चीवरचे ओरडायला मोकळे.

पडेगाव नाशिकच्या रस्त्यावर आहे, आणि त्याच रस्त्याने पुढे गेलं की येवला. तिथे भोगी, संक्रांत आणि कर असे तीन दिवस सगळं गाव गच्चीवर असतं. बांबूच्या आसारीवर मांजा, खाली हलकडी वाजत्येय आणि पतंग कापला की "वकाट!" तिथल्या पाहुण्यांकडे मी लहानपणी दोनदा संक्रांत केली आणि आबांचा पतंग दोन्ही वेळा दहा मिनिटांत गमावला. आबांना पतंग गेल्याचं दुःख नव्हतं. मी ढील द्यायच्या वेळी खेचलं, याचं होतं. ते वर्षभर सांगत, "कापलं त्यांनी नाही, याने."

मोरजीमला तिसऱ्या दिवशी मी तेच केलं.

काईटला चार दोऱ्या असतात, वीस-बावीस मीटर लांब. मधल्या दोन काईटच्या पुढच्या कडेपासून निघून कमरेच्या हुकाला येतात; माणसाचा भार त्यांच्यावर. कडेच्या दोन मागच्या टोकांपासून निघून हातातल्या दांडीच्या दोन टोकांना. दांडी छातीकडे ओढली की मागच्या दोऱ्या ताणतात, काईट वाऱ्यासमोर उभी राहते, जोर वाढतो. दांडी पुढे ढकलली की मागच्या दोऱ्या सैल, काईट वाऱ्यावर आडवी, जोर गेला. हे मला दोन दिवस तोंडपाठ होतं. तिसऱ्या दिवशी एक झोत आला, काईट खाली झुकली, पायातली फळी सुटली, आणि माणूस घाबरला की जे करतो ते मी केलं. दांडी गच्च छातीशी ओढून धरली. पुढची दहा सेकंदं मी पोटावर आडवा, तोंड उघडं, अरबी समुद्र पीत चाललो होतो. मागून पोरगं ओरडत होतं, "सोडा! काका, सोडा!" सोडलं, आणि सगळं थांबलं. काईट शांतपणे वर जाऊन उभी राहिली, जणू तिने काही केलंच नाही. तिने काही केलंही नव्हतं.

खोकत वाळूवर बसलो होतो तेव्हा लक्षात आलं, ही दांडी म्हणजे आबांची कन्नीच. जे ते गच्चीवर गाठ सोडून, एक बोट मोजून, परत बांधून करत, ते इथे हातात दिलंय, उडता उडता, दर क्षणाला. पतंगाच्या इतिहासात मला याहून हुशार गोष्ट दिसत नाही. नंतर थोडं वाचलं. ब्रिस्टलच्या जॉर्ज पोकॉक नावाच्या शाळामास्तराने १८२६ मध्ये पतंगांनी ओढायच्या गाडीचं पेटंट घेतलं होतं. रस्त्याचा टोल घोड्यांवर असायचा आणि त्याच्या गाडीला घोडाच नव्हता, म्हणून नाक्यावर त्याच्याकडून पैसे घेता येत नसत, असं सांगतात. आमच्या भागातल्या किती जणांना हे आवडेल! पाण्यावरची अडचण मात्र फ्रान्समध्ये ब्रिटनीच्या लेगेन्यू बंधूंनी सोडवली. ब्रुनो आणि डॉमिनिक, दोघेही शिडाच्या बोटींतले. त्यांनी १९८४ मध्ये पेटंट घेतलं ते काईटच्या पुढच्या कडेला हवा भरायची नळी बसवण्याचं. कारण साधं आहे. काईट पाण्यात पडणारच, आणि पडलेली काईट बुडली तर खेळ संपला. हवा भरलेली काईट तरंगते आणि दोरी ओढली की पाण्यावरून परत उठते. आमचा एक पतंग लहानपणी शेजारच्या मळ्यातल्या विहिरीत पडला होता. वाकून बघत होतो. ताव आधी गडद झाला, मग खळ सुटून कामटीपासून वेगळा झाला, आणि शेवटी नुसत्या दोन काड्या पाण्यावर फिरत राहिल्या. त्या विहिरीच्या काठावर कुणीतरी हवेची नळी सुचवायला हवी होती.

तर, विकत घेणं. नवीन घेतली असती तर काईट, दांडी, फळी आणि कमरेचा हार्नेस मिळून माझ्या मोटारसायकलीच्या दुप्पट झालं असतं. शिवाय पहिली काईट ही आपटायचीच असते. हवेत उडण्यापेक्षा ती पाण्यावर तोंडघशी जास्त पडते. म्हणून कापड वापरलेलं घ्या, दांडी मात्र नवी घ्या, असं त्या पोराने बजावलं होतं. दांडीत जीव असतो. तिच्यावर एका हाताने ढकलून सगळं सोडून द्यायची कळ असते, आणि जुन्या दांड्यांच्या कळा वाळूने, मिठाने अडकतात. या कळेसाठी २०२० पासून आंतरराष्ट्रीय मानकसुद्धा आहे. हार्नेसही दुसऱ्याचा घेऊ नका, म्हणाला, चपलेसारखा असतो. दांडी आणि हार्नेस नवे घेतले. काईट एका ओळखीच्याच्या ओळखीतून, फोनवर. "कापड अजून करकरीत आहे," असं तो तीनदा म्हणाला. जानेवारीत पार्सल आलं. उघडलं तर कापड खरंच करकरीत, नव्या नोटेसारखं. फक्त हवा राहत नव्हती. रात्री भरली की सकाळी निम्मी.

आईने दोऱ्या बघितल्या आणि तिला वेगळीच धास्ती. "हा तो नायलॉनचा मांजा तर नाही ना?" संक्रांत जवळ होती, रोज कुणाचा तरी गळा कापल्याची बातमी होती. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्येच देशभर बंदी घातली, तरी दर जानेवारीत धाडी पडतात आणि दर जानेवारीत मांजा सापडतो. मी सांगितलं, याला काच नाही, हा कापायला नाही, माणूस ओढायला आहे. "मग बोटात गुंडाळू नको," ती म्हणाली. मोरजीमच्या पोराने पहिल्या तासाला हेच वाक्य सांगितलं होतं.

काईटच्या पोटातून रबरी फुग्यासारखं ब्लॅडर बाहेर काढलं. सात-आठ मीटर लांब, पारदर्शक, अजगराच्या कातीसारखं. ते थैलीत घालून रस्त्यावरच्या पंक्चरच्या दुकानात नेलं. तिथल्या मामूंनी आधी ते हाताने सबंध चाचपलं, ट्रकचं नाही, ट्रॅक्टरचं नाही, मग मला विचारलं, "किस का ट्यूब है ये?" मी म्हणालो, "पतंग का." त्यांनी पुढे काही विचारलं नाही. अर्धं हवेने भरलं आणि पत्र्याच्या टाकीतल्या काळ्या पाण्यात वीतभर वीतभर बुडवत सरकवायला लागले. ट्यूब सरकते, पाणी हलतं, थांबतं, मामू वाकून बघतात. मी दुसरं टोक खांद्यावर धरून उभा. रस्त्यावरून जाणारे लोक वेग कमी करून बघत होते. बऱ्याच वेळाने पाण्यात बुडबुड्यांची एक बारीक माळ उठली, सुईच्या टोकाएवढी जागा. मामूंनी बोट ठेवलं, बुडबुडे थांबले. बोट उचललं, सुरू झाले. मग ते नेहमीच्या सवयीने कानस घेऊन घासायला निघाले आणि मी हात धरला. हे रबर नाही, वेगळं प्लास्टिक आहे, त्याला सायकलचं सोल्युशन धरत नाही, त्याच्या पट्ट्या वेगळ्या येतात. मामूंनी बॉलपेनने भोकाभोवती गोल केला आणि पैसे घेतले नाहीत. "चिपका के लाओ, हवा देखेंगे," म्हणाले.

फळीचं तितकं अवघड गेलं नाही. दोन्ही टोकं सारखी असलेली, कुठूनही पुढे जाणारी फळी. नवख्याला लांब-रुंद बरी, कारण लवकर तरंगते आणि चुका पोटात घालते. तळ जितका सपाट, तितकं वाऱ्याच्या उलट दिशेला चढून परत येणं सोपं. आणि निघालो तिथे परत येता येणं हेच पहिल्या दोन हंगामांचं काम असतं. नाहीतर किनाऱ्यावरून फळी बगलेत मारून चालत यायचं, भर उन्हात, पर्यटकांच्या मधून. मी १४२ सेंटीमीटर लांब, ४३ रुंद घेतली, वापरलेलीच. बायको बघून म्हणाली, "अहो, इस्त्रीला घेतलीत का?" दोन महिने ती खरंच त्याच कामाला होती.

एका रविवारी पैठणला गेलो, जायकवाडीच्या भिंतीवर. शास्त्रीजींनी १९६५ मध्ये पायाभरणी केलेलं, १९७६ मध्ये इंदिरा गांधींनी लोकार्पण केलेलं हे धरण. भिंत जवळपास दहा किलोमीटर आणि पलीकडे नाथसागर, काठ न दिसणारा. वारा चांगला होता, पाण्यावर पांढरे तुरे होते. मनात बाराची काईट उघडून बघितली. बायको शेजारी दुर्बिणीने पक्षी बघत होती. १९८६ पासून हे अभयारण्य आहे, दूर उथळ पाण्यात रोहित होते, शिवाय आमच्या घरी येणारं पाणीही इथूनच येतं. तिने दुर्बीण खाली घेतली, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "नाही." मी काहीच बोललो नव्हतो.

मार्चमध्ये पट्टी चिकटवून ब्लॅडर पुन्हा काईटच्या पोटात घातलं. सुरकुती राहिली तर पुन्हा फुटतं, म्हणून तासभर लागला. रात्री वारा पडल्यावर गच्चीवर भरली. या कठड्यापासून त्या कठड्यापर्यंत काईट पालथी, पाठीवर वाळूच्या चार पिशव्या. पंप मारता मारता घामाने निथळलो. भरली की टिचकी मारायची, टणत्कार यायला हवा, असं शिकवलं होतं. आला. आबांच्या कामटीचा आवाज वेगळा होता, पण टिचकी तीच.

झोप काही लागली नाही. पहाटे साडेपाचला वर गेलो. मिटमिट्याच्या पलीकडे देवगिरीचा सुळका अजून काळाच होता. कापडावर थोडं दव होतं. पुढच्या नळीवर अंगठा टेकवला आणि जोर लावला. दबली नाही. दुसऱ्या टोकाला जाऊन परत दाबून पाहिलं.

मागून जिन्यात पावलं वाजली. आई, हातात परात, खांद्यावर जुनं धोतर.

"झालं का तुझं?" ती म्हणाली. "ऊन यायच्या आत ती गादी उचल. मला कुरडया घालायच्यात."